थरथरणारं इंजिन, तापलेली पेट्रोलची नळी आणि कुंभारीण माशी : घरी बांधलेल्या विमानांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात इंजिनाच्या तक्रारी जास्त आहेत. भारतातून आलेली पत्रं बहुतेक रोटॅक्स ९१२ मालिकेबद्दल, अमेरिकेतल्या मराठी वाचकांची लायकमिंगबद्दल. जवळजवळ प्रत्येकाचा संशय इंजिनाच्या पोटातल्या कशावर तरी आहे. आमचा अनुभव उलटा सांगतो. कारखान्यात जुळवून आलेला भाग सहसा शेवटी बिघडतो. आधी बिघडतं ते बांधणाऱ्यानं स्वतः बसवलेलं : नळ्या, केबल, क्लॅम्प, वायरी, अर्थिंग. अमेरिकेच्या एनटीएसबीनं (वाहतूक अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात इंजिन-यंत्रणेचा बिघाड आणि हवेत ताबा सुटणं ही दोन कारणं सगळ्यांत पुढे होती. ‘इंजिन-यंत्रणा’ म्हणजे नुसतं इंजिन नव्हे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. आकडे त्या त्या मॉडेलचे आहेत. तुमच्या इंजिनाच्या सीरियल नंबरसाठी मॅन्युअल वेगळं सांगत असेल, तर मॅन्युअल खरं.

प्रश्न : रोटॅक्स ९१२ यूएलएस, उंच पंखांचं धातूचं दोन आसनी विमान. आयडलला सगळं पॅनेल थरथरतं, १,८०० ते २,५०० आरपीएममध्ये गिअरबॉक्स खडखडतो, ४,५०० च्या पुढे मात्र इंजिन एकदम शांत. आठही प्लग बदलले, फरक नाही. प्रॉपेलर बॅलन्स करून घ्यावा का? (पुणे)

प्रॉपेलरला हात लावू नका. बॅलन्स बिघडलेला असता तर आरपीएमबरोबर थरथर वाढली असती. तुमच्याकडे ती कमी होते आहे. हे जवळपास ठरलेलं लक्षण आहे : दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे भाग) एकमेकांशी जुळलेले नाहीत. ९१२ मध्ये उजवा कार्ब्युरेटर १ आणि ३ नंबरच्या सिलिंडरला देतो, डावा २ आणि ४ ला. आयडलला झडप जेमतेम उघडलेली असते, त्यामुळे एका बाजूची केबल मिलिमीटरभर जरी ताणलेली असली तरी दोन बाजूंच्या हवेत मोठा फरक पडतो. झडप अर्ध्याच्या वर उघडली की तोच मिलिमीटर नगण्य होतो, म्हणून वर सगळं शांत. खडखड गिअरबॉक्सची वाटते, पण मार खाण्याची वेळ त्याच्यावर कार्ब्युरेटरमुळे येते.

जुळवणी दोन टप्प्यांत करायची, आणि पहिला टप्पा न करता दुसरा करण्यात अर्थ नाही.

पहिला टप्पा इंजिन बंद ठेवून. थ्रॉटल पूर्ण मागे घेतल्यावर दोन्ही कार्ब्युरेटरचे लिव्हर आपापल्या आयडल स्क्रूवर खरोखर टेकतात का ते पाहा. एक टेकलेला आणि एक किंचित अधांतरी, हे सर्रास आढळतं. मग कॉकपिटमधून मदतनिसाला थ्रॉटल हळू पुढे ढकलायला सांगा आणि दोन्ही लिव्हरवर एकेक बोट ठेवा. दोन्ही एकाच क्षणी हलायला लागले पाहिजेत आणि पुढच्या टोकालाही एकत्र पोचले पाहिजेत. केबल आवरणात अडकत असेल तर जुळवणी टिकणार नाही, आधी केबल बदला. आयडल मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत नेऊन (हलक्या हातानं, टोक आवळलं की सीट खराब होते) दीड फेरा बाहेर काढा, दोन्हीकडे सारखाच.

दुसरा टप्पा इंजिन गरम झाल्यावर, दोन व्हॅक्यूम गेजनी. दोन इनटेक मॅनिफोल्डना जोडणारी समतोल नळी असते. ती जागेवर ठेवून मोजलं तर ती नळीच फरक झाकून टाकते आणि दोन्ही काटे खोटं बोलतात. ती सुटी करून दोन्ही टोकांना गेजच्या नळ्या जोडा. चाकांना ठोकळे, शेपूट दोरानं बांधलेली, कॉकपिटमध्ये ब्रेकवर पाय ठेवून माणूस. गेजच्या नळ्या लांब घेऊन कॉकपिटपर्यंत आणल्या, तर इंजिन चालू असताना पुढे कोणी उभं राहायची गरजच उरत नाही. आयडलचं वाचन नोंदवा, मग २,५०० च्या आसपासचं. आयडलचा फरक आयडल स्क्रूनं घालवायचा, वरचा फरक केबलच्या ॲडजस्टरनं. प्रत्येक फिरवाफिरव इंजिन बंद करून. एकाला हात लावला की दुसरं थोडं हलतं, म्हणून दोन-तीन वेळा मागे-पुढे करावं लागेल. शेवटी आयडल १,४०० च्या खाली ठेवू नका. कमी आयडलवर इंजिन ‘गोड’ वाटतं, पण गिअरबॉक्सची झीज तिथेच होते.

जुळवूनही आठवड्याभरात पुन्हा बिघडलं तर दोन ठिकाणी बघा. एक, कार्ब्युरेटर ज्या रबरी सॉकेटवर बसतो ते. सॉकेटला बारीक चीर गेली की त्या बाजूला फुकटची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि त्याच बाजूचे प्लग पांढुरके दिसतात. कार्ब्युरेटर हातानं वाकवत सॉकेटचा खालचा भाग आरशात पाहा. चिरा बहुधा तिथेच लपतात. दोन, कार्ब्युरेटरमधले फ्लोट, म्हणजे वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारे तरंगे. काही फ्लोट पेट्रोल शोषून जड होतात, वाटीतली पातळी चढते, एका बाजूचे प्लग काजळतात आणि हँगरमध्ये सकाळी पेट्रोलचा वास येतो. वाटी उघडून दोन्ही फ्लोट पुसून सोनाराच्या काट्यावर ठेवा. एका कार्ब्युरेटरच्या जोडीचं मिळून वजन ७ ग्रॅमच्या वर गेलं तर जोडी टाकून द्या. सुकवून परत वापरायचा विचार करू नका.

जाता जाता एक : रोटॅक्सबरोबर आलेल्या स्प्रिंगा थ्रॉटल उघडण्याच्या दिशेनं ओढतात. केबल तुटली तर ती बाजू पूर्ण उघडते. जमिनीवर ‘इंजिन अचानक गरजलं’ असं झालं तर आधी इग्निशन बंद करा, थ्रॉटलशी झटापट नंतर.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी उतरल्यावर वीसेक मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं की इंजिन आचके देतं, फ्युएल प्रेशरचा काटा नाचतो. सकाळी काहीच नाही. गाडीचंच पेट्रोल वापरतो. इंजिन ९१२ यूएलएस. (नाशिक)

नळीत पेट्रोलची वाफ होते आहे. इंजिन थांबलं की थंड हवा थांबते, पण एक्झॉस्ट आणि सिलिंडर हेड तापलेलेच असतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आतलं तापमान उलट चढत जातं. मेकॅनिकल पंपही गिअरबॉक्सला चिकटून बसलेला, तो भाजून निघतो.

आधी नळीचा मार्ग पाहा. एक्झॉस्टजवळून जाणारी प्रत्येक नळी फायरस्लीव्हमध्ये (उष्णता रोखणाऱ्या आवरणात) हवी, आणि स्लीव्हची टोकं क्लॅम्पनं बंद हवीत, नाहीतर ते तेल-पेट्रोल शोषून घेतं. मग परतीची नळी. रोटॅक्सच्या आराखड्यात पेट्रोलचा थोडा भाग ०.३५ मिमीच्या बारीक छिद्रातून सतत टाकीकडे परत जातो आणि जाताना बुडबुडे घेऊन जातो. वजन वाचवायला किंवा एक टी-जोड कमी करायला पुष्कळजण ती गाळतात. तुमच्याकडे नसेल तर बसवा, असेल तर छिद्र तुंबलंय का ते बघा. प्रेशर ०.१५ बारच्या खाली जाता कामा नये. उतरल्यावर तोंड वाऱ्याकडे करून उभं करा, तेल तपासायचं झाकण उघडं ठेवा, आणि सुरू करायच्या आधी बूस्ट पंप (विजेवरचा जादा पंप) अर्धा-एक मिनिट चालवा.

आता पेट्रोलबद्दल, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजी आम्हाला तिथे वाटते. रोटॅक्सची मान्यता १० टक्के इथेनॉलपर्यंत आहे. आपल्याकडे पंपावर आता सर्रास २० टक्क्यांचं मिळतं. ऑक्टेनचा प्रश्न नाही (यूएलएसला ९५ लागतं, ८० अश्वशक्तीच्या यूएलला ९०), प्रश्न रबर, टाकीचं सीलंट आणि पाणी यांचा आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. प्रमाणाबाहेर ओल झाली किंवा वर थंडी लागली की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, म्हणजे नेमकं टाकीतून पेट्रोल इंजिनाकडे निघतं तिथे. शिवाय ते गेलं की वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घसरलेलं असतं.

तपासणी सोपी आहे. १०० मिलीची खुणा असलेली काचेची नळी घ्या, १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, पाच मिनिटं ठेवा. पाण्याची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. वर चढली तर आहे, आणि जितकी चढली तितकं जास्त. पेट्रोलच्या प्रत्येक नव्या खेपेला हे करा. पंपाच्या फलकावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. ॲव्हगॅस १००एलएल (विमानांसाठीचं, शिसं असलेलं पेट्रोल) चालतं, पण त्यातलं शिसं तेलात आणि गिअरबॉक्समध्ये साचतं, म्हणून ते मुख्यतः वापरत असाल तर तेल १०० ऐवजी ५० तासांना बदला.

प्रश्न : आरव्ही-७, लायकमिंग ओ-३६०, दोन मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारी यंत्रं). रन-अपमध्ये (उड्डाणाआधीच्या इंजिन-चाचणीत) नुसत्या डाव्यावर १८० आरपीएमची घट आणि इंजिन अडखळतं, उजव्यावर ७०. हँगर-शेजारी म्हणतात टायमिंग गेलं. (ह्यूस्टन)

शेजाऱ्यांचं ऐकू नका, निदान अजून नाही. लायकमिंगची मर्यादा १७५ आरपीएमची घट आणि दोन्हींतला फरक ५०. तुम्ही दोन्हींत बाहेर आहात, तेव्हा उड्डाण बंद हे बरोबर. पण टायमिंग सरकलं तर चारही सिलिंडर सारखे मागे पडतात, घट मोठी येते पण गुळगुळीत येते. अडखळणं म्हणजे एखादा सिलिंडर पेटतच नाही, म्हणजे प्लग किंवा त्याची वायर.

कोणता, ते चारही सिलिंडरचं ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान दाखवणारं मीटर) असेल तर मिनिटात कळेल. डाव्या मॅग्नेटोवर न्या : ज्यांचे प्लग ठीक आहेत त्यांचं ईजीटी वाढेल, मेलेल्या प्लगच्या सिलिंडरचं पडेल. ईजीटी नसेल तर डाव्यावरच अर्धा मिनिट चालवून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं चारही एक्झॉस्ट पाइप मोजा. थंड असेल तो गुन्हेगार.

प्लग उघडण्याआधी एक संधी द्या. २,००० आरपीएमवर मिश्रण बऱ्यापैकी पातळ करून मिनिटभर चालवा. शिशाचा थर असेल तर जळून जातो. तेवढ्यानं सुटलं तर यापुढे टॅक्सी करताना मिश्रण पातळ ठेवायची सवय लावा. इतकं पातळ, की थ्रॉटल पुढे ढकलला तर इंजिन गचकलं पाहिजे, म्हणजे विसरून टेकऑफ होणार नाही.

नाही सुटलं तर प्लग काढा, सहसा खालचाच निघतो. खालच्या इलेक्ट्रोडभोवती शिशाचे राखाडी मणी अडकलेले दिसतील. ते टोकदार काडीनं टिपून काढायचे, चिनी मातीला धक्का न लावता. लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको. ओममीटरनं रेझिस्टर मोजा, ५,००० ओमच्या वर असेल तर प्लग दिसायला कितीही नवा असो, तो टाका. जाड इलेक्ट्रोडच्या प्लगचं अंतर ०.४ ते ०.५ मिमी. नवं तांब्याचं वायसर, आट्यांवर अँटी-सीझचा हलका हात (पहिला आटा कोरडा ठेवून), टॉर्क ३५ फूट-पाउंड म्हणजे सुमारे ४७ न्यूटन-मीटर. परत बसवताना खालचे वर आणि वरचे खाली करा. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नये. आतली चीर डोळ्याला दिसत नाही.

प्लग निर्दोष निघाला तर त्याच सिलिंडरची वायर आणि तिच्या टोकाचा ‘सिगारेट’ (प्लगमध्ये शिरणारी इन्सुलेटरची कांडी) बघा, ओल आणि काजळीची रेघ तिथे सापडते. हे सगळं झाल्यावर टायमिंग. ते तुमच्या इंजिनाच्या डेटा प्लेटवर कोरलेलं आहे. ओ-३६० ला बहुतेक २५ अंश असतं, पण पाटी वाचल्याशिवाय हात लावू नका.

आणि हो, कधी घट शून्य आली तर खूश होऊ नका. त्या मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटली आहे. किल्ली बंद असतानाही प्रॉपेलर हातानं फिरवला तर इंजिन पेटू शकतं.

प्रश्न : चाळीसेक मिनिटं उडल्यावर डाव्या टाकीवर फ्युएल प्रेशर कमी होतं. उजवीवर घेतलं की ठीक. फिल्टर स्वच्छ, नळी स्वच्छ. खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं की ‘फुस्स’ आवाज येतो. (बेळगाव)

तो आवाजच उत्तर आहे. टाकीची हवेची नळी बंद आहे. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत येत नाही, आत पोकळी तयार होते आणि पंप हरतो. धातूची टाकी असेल तर वरचा पत्रा आत ओढला गेलाय का तेही बघा.

बंद कोणी केली? आपल्याकडे बहुतेक वेळा कुंभारीण माशीनं. पेन्सिलएवढं भोक, सावली, आणि जवळ चिखल असला की ती एका दुपारीत मातीचं बूच लावते, आत अळीसाठी कोळी भरून. बाहेरून काडी घालून माती आत ढकलू नका, ती वाकणात जाऊन घट्ट बसते. नळी टाकीजवळ सोडवा आणि आतून बाहेर पाणी किंवा हवा सोडा. मग स्वच्छ रबरी नळी लावून तोंडानं हळू फुंका. दुसऱ्यानं टाकीच्या तोंडाशी कान लावला तर हवा ऐकू येते. यापुढे तोंडाला बारीक जाळी बसवा, आणि उभं असताना लाल फीत लावलेलं झाकण. हीच माशी पिटो नळीतही (वेगदर्शकाला हवेचा दाब पुरवणाऱ्या नळीत) घर करते. पिटो साफ करताना वेगदर्शकाची जोडणी आधी काढा. कॉम्प्रेसरचा एक फटका त्याचा पडदा फाडायला पुरेसा आहे.

थोडक्यात

*ब्रेकमध्ये गाडीचं डॉट-४ घातलं तर चालेल का? (रत्नागिरी)* नाही. हलक्या विमानांच्या ब्रेकमध्ये सहसा लाल खनिज तेल असतं, मिल-एच-५६०६ जातीचं, आणि सील त्यालाच साजेशी असतात. डॉट-४ नं ती फुगून ब्रेक धरून बसतील. घालून झालं असेल तर नुसतं काढून भागणार नाही, सगळी सील बदला.

*नायलॉन नट कुठे वापरू नये? (सोलापूर)* दोन जागी. जिथे बोल्टवर काही फिरतं, उदाहरणार्थ कंट्रोलचा सांधा, तिथे कॅसल नट आणि कॉटर पिनच. आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) पुढे, कारण नायलॉन सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंतच तग धरतं. तिथे पूर्ण धातूचे लॉकनट. आवळण्याचा टॉर्क एएन-३ बोल्टला (एएन हे विमानी बोल्टचं प्रमाण) २० ते २५ इंच-पाउंड, एएन-४ ला ५० ते ७०. नट फिरताना लागणारा ताण त्यात मिळवायचा. घट्ट झाल्यावर रंगाची रेघ ओढा, म्हणजे सरकलेला नट पुढच्या पाहणीत डोळ्यात भरेल.

*एलेव्हेटर आणि एलेरॉन पुन्हा रंगवले, काही करायचं राहिलं का? (ठाणे)* राहिलं. रंगाचं वजन बिजागरीच्या मागे पडतं. आराखड्यात मास बॅलन्स (बिजागरीच्या पुढे-मागे वजनाचा तोल) दिलेला असेल तर दोन्ही उतरवून तोलून बघितल्याशिवाय उडू नका. इथली चूक जमिनीवर कळत नाही. कळते ती वेगात, फ्लटरच्या (आपोआप वाढत जाणाऱ्या फडफडीच्या) रूपानं. नव्यानं वजन-काटा करून सीजी (गुरुत्वमध्य) लिहा, तेही.

प्रश्न : अमेरिकेत दुसऱ्याच्या हातचं आरव्ही-६ विकत घेतोय. दुरुस्ती मी स्वतः करू शकतो का? (न्यू जर्सी)

एक्सपेरिमेंटल गटातल्या (घरी बांधलेली विमानं यातच येतात) विमानाची देखभाल-दुरुस्ती कोणीही करू शकतं, लायसन्स लागत नाही. पण दर बारा महिन्यांची कंडिशन तपासणी सही करायला प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो, सहसा : ज्यानं ते बांधलं आणि त्या विमानापुरतं रिपेअरमनचं प्रमाणपत्र मिळवलं तो, किंवा ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचं लायसन्स असलेला) मेकॅनिक. ते प्रमाणपत्र विमानाबरोबर विकलं जात नाही.

घेण्याआधी बांधणाऱ्याची वायरिंगची वही मागा. वही नसेल तर किमतीतून ती वसूल करा, कारण एक दिवस पॅनेलमागे उलटं झोपून तुम्हालाच ती लिहायची आहे. पहिलं उड्डाण त्याच प्रकारच्या विमानावर प्रशिक्षण घेतल्यावरच.

प्रश्न : पावसाळ्यात जून ते सप्टेंबर उडणं बंद. दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालवून ठेवावं का? (अलिबाग)

याहून वाईट काही नाही. दहा मिनिटांत तेल पुरेसं तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी मात्र क्रँककेसमध्ये जमा होतं. ते उडवायला रोटॅक्समध्ये तेल एकदा तरी १०० अंशांवर पोचावं लागतं, आणि ते हवेतच होतं. लायकमिंगला हे जास्त बाधतं. त्याचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, तेल निथळून जातं आणि कॅमच्या टोकांवर गंज चढतो.

शेवटच्या उड्डाणानंतर तेल गरम असतानाच बदला. लायकमिंगमध्ये साठवणीचं तेल भरा. वरच्या प्लगच्या जागी सिलिका जेलचे बूच लावा, श्वासनळी आणि एक्झॉस्ट बंद करा, आणि जेलनं रंग बदलला की ते बदला. ‘इंजिन बंद केलेलं आहे’ अशी पाटी थ्रॉटलला बांधा. रोटॅक्समध्ये दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करा. लाकडी प्रॉपेलर आडवा ठेवा, उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते. ऑक्टोबरात लाकूड सुकून आकसतं, म्हणून प्रॉपेलरचे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासून मगच पहिलं उड्डाण, आणि पहिल्या उड्डाणानंतर पुन्हा एकदा.

रोटॅक्सची तेलपातळी बघण्याआधी इग्निशन बंद करून प्रॉपेलर फिरायच्या दिशेनंच हातानं फिरवा, तेलाच्या टाकीतून गुरगुर ऐकू येईपर्यंत. चार महिने उभ्या इंजिनाला त्यासाठी पुष्कळ फेरे लागतील. कंटाळून वरून तेल ओतू नका. किमान आणि कमाल खुणांमध्ये जेमतेम ०.४५ लिटर मावतं, आणि जास्तीचं तेल श्वासनळीतून काउलिंगभर येतं.